‘ब’ची नळी

चंपा सरवदेला हसू फार यायचं आणि हसायची तिला तितकीच लाज वाटायची. आधी पदर तोंडावर जायचा, मग खांदे हलायचे आणि डोळ्यांत पाणी आलं की आपण समजायचं, बाई हसली. बाविसाव्या वर्षी तिचे समोरचे वरचे चार दात गेले होते. कीड नाही, खड्डा नाही, धडधाकट दात. हिरडीतच ढिले झाले, पावसात खुंटा हलतो तसे, आणि एकेक करून हातात आले. पहिला गेला तेव्हा ती मिठागरात डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. तिने तो तिथेच मिठाच्या ढिगावर थुंकला आणि माल खराब केला म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. हे मला सांगतानाही ती पदराआड हसली होती.

मी ॲग्नेस रोझारिओ, कांजूर गावची. विक्रोळीला हायवेजवळ एका ट्रस्टचा दातांचा दवाखाना होता, तिथे मी बरीच वर्षं काम केलं. नर्स नव्हते. डॉक्टरांच्या हातात हत्यार द्यायचं, तसराळं धरायचं, कापूस भरायचा, पोरं रडली की दम द्यायचा, ही माझी कामं. अंगात पांढरा झगा होता म्हणून वस्तीतल्या बाया मला ‘शिष्टर’ म्हणत. मी कधी दुरुस्त केलं नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

चंपा बार्शीकडची. तिच्या माहेराला गावात ‘बोळक्यांचं घर’ म्हणत. आजी बोळकी, आई बोळकी, दोन मावश्या बोळक्या, आणि सगळ्या तिशीच्या आत. मुलगी बघायला येणारे लोक हात बघतात, पाय बघतात, चालवून बघतात. हिरड्या कोण बघतो? सत्तावन्न साली धोंडिराम सरवदे लग्न करून तिला मुंबईला घेऊन आला. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. पार्कसाइटच्या उतारावर पत्र्याची खोली. धोंडिराम भला माणूस, दातांवरून त्याने तिला एका शब्दाने कधी दुखवलं नाही. ती कसर सासूने भरून काढली. ‘हसेल त्याचे दात दिसतील म्हणतात, आमच्या सुनेचे तेवढेही दिसत नाहीत,’ हे ती आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची. आणि पाहुणे हसायचे, कारण पाहुण्यांना दात होते.

आता मिश्रीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच फिरलं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर चोळायची. चंपाला ती आठव्या वर्षी तिच्या आईनेच लावली. हिरड्या ठणकायच्या, मिश्रीने तेवढ्यापुरत्या बधिर व्हायच्या. दात काळे, ओठांची कड काळी, तोंडाला वास. गावाकडच्या निम्म्या बायांचं हेच. पण मुंबईत आल्यावर त्या काळ्या दातांवरून माणूस ओळखला जाऊ लागला. कुठला, कुठल्या वस्तीतला, कुठल्या समाजाचा. दुकानदार ओळखायचा, शाळेतली बाई ओळखायची. सहासष्ट सालच्या बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात बायकांची बैठक झाली आणि चंपा उभी राहिली. त्याआधी ती चार माणसांत कधी बोलली नव्हती. पदर तोंडावर धरूनच म्हणाली, “आपल्या तोंडाला लागलं ते लागलं. पोरींच्या तोंडाला काळं लागू द्यायचं न्हाई.” तिने मिश्रीची डबी विहाराच्या पायरीवर उलटी केली. मग बेचाळीस बायांनी शपथ घेतली. पुढचे आठ दिवस वस्तीत बायांची डोकी दुखत होती, पोटं साफ होत नव्हती आणि नवरे मार खाता खाता वाचत होते. तरी शपथ टिकली. वस्तीत चंपाच्या नावाला किंमत आली ती त्या दिवसापासून.

तिची पोर नंदा, एकसष्ट सालची. पोरीचा आवाज असा की घरात पाणी भरत असली तरी शेजारचे रेडिओ बारीक करत. रविवारी विहारात वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं काम दहाव्या वर्षापासून तिचं. धोंडिराम पहिल्या ओळीत बसायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण पोरगी कुठे थांबते, कुठे चढवते, हे तो मान हलवून दाखवायचा. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, ही मास्तरीण होणार. चंपा मला म्हणाली होती, “शिष्टर, मास्तरणीला तोंड लागतं. पदर धरून शिकवता येतंय का? पोरीचे दात ऱ्हायले पायजेत. बाकी मला कुणाकडनं काय नको.”

हे ती मला बहात्तर साली म्हणाली आणि त्याच साली डॉक्टर सुळे आले.

डॉक्टर जयवंत सुळे तरुण, परदेशात शिकून आलेले, बोलायला गोड. त्यांचं म्हणणं असं की काही घराण्यांत हिरड्यांचा हा आजार रक्तातूनच येतो. बारा-तेरा वर्षांची पोरं, दात चकचकीत, आणि आत हाड खंगत जातं. रक्त बदलता येत नाही, पण हाड खाणारे जंतू तोंडातच असतात, ते मारता आले तर दात वाचतील. त्यासाठी त्यांनी एका कंपनीकडून जंतू मारणारी टूथपेस्ट बनवून घेतली होती. अशा घराण्यांतली साठ पोरं त्यांना हवी होती, दोन वर्षांसाठी. तीस पोरांना औषध घातलेली पेस्ट, तीस पोरांना साधी. कुणाच्या पेस्टमध्ये औषध आहे ते पोरांना माहीत नाही, आईबापांना नाही, मलाही नाही. खऱ्याखोट्याची किल्ली एका लाखबंद पाकिटात, कंपनीकडे.

मी पोरं गोळा केली. कारखान्याच्या क्वार्टर्समधली काही, वस्तीतली काही, भांडुप-कांजूरची काही. चंपाची नंदा तर आधी घेतली. आणि माझी भाची क्लॅरिस. माझा भाऊ अँथनी तिशीत बोळका झाला होता, चर्चमध्ये स्तोत्र म्हणायला लागला की पुढच्या बाकावर फवारा उडायचा. क्लॅरिस नंदाच्याच वयाची. हा आजार धर्म विचारून येत नाही, एवढं बरं आहे त्याच्यात.

नळ्या पांढऱ्या, कोऱ्या. फक्त टोकाला शिक्का. निम्म्यांवर ‘अ’, निम्म्यांवर ‘ब’.

त्या शिक्क्यांचा मला आजही राग आहे. गोल-चौकोन करायचे, मोर-पोपट करायचे. पण शिकलेल्या माणसाला अक्षर हे नुसतं अक्षर वाटतं. चिठ्ठ्या टाकल्या बिस्किटाच्या डब्यात, काढल्या मी स्वतः, या हातांनी. नंदाला ‘ब’ आली. क्लॅरिसलाही ‘ब’.

तीन महिन्यांत ‘ब’वाल्या पोरांचे दात तपकिरी पडायला लागले. आधी हिरडीच्या कडेला रेघ, मग दातांच्या फटी, मग पुढचे दात सगळे, मातीत घोळल्यासारखे. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “रंग चढतो, तो वरवरचा आहे. दर सहा महिन्यांनी तपासणीच्या आधी तुम्ही पावडर लावून मशीनने साफ करा, म्हणजे बाहेरून तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना कोण कुठल्या नळीचं ते कळणार नाही. आणि आईबापांनी विचारलं तर एवढंच सांगायचं, काळजी नको, नियमित घासा. जास्त सांगितलं तर परीक्षाच फुटेल.”

क्वार्टर्समधल्या एका साहेबाची बायको थेट त्यांच्या खोलीत गेली, इंग्रजीत तावातावाने बोलली. तिला त्यांनी खुर्ची दिली आणि अर्धा तास समजावलं. रंग वरवरचा आहे, निघतो, सोडू नका. त्या बाईचा मुलगा शेवटपर्यंत ‘ब’नेच घासत राहिला. वस्तीतल्या बाया डॉक्टरांच्या खोलीत जात नसत. त्या माझ्याकडे येत आणि मी म्हणायची, काळजी नको, नियमित घासा.

चंपा आली ती दुपारी, मिठागरातून तशीच. पायाला मीठ वाळलेलं. तिच्या मागे नंदा, ओठ मिटून. चंपाने पिशवीतून नळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“दाखव गं,” ती पोरीला म्हणाली. नंदा तोंड उघडेना. चंपाने हनुवटी धरून उघडलं. तपकिरी दात आणि भोवती सोललेल्या हिरड्या.

“हिरड्यांना काय केलंस?” मी ओरडलेच.

“मीच केलं. राखुंडीनं घासलं, मिठानं घासलं. रगात आलं पण डाग जाईना.” मग तिचा आवाज चढला. “शाळेत बाईंनी वर्गाच्या भाईर उभी केली. म्हंजे मिश्री लावून शाळेत यायचं न्हाई. सगळ्या पोरींम्होरं. आणि नळावर काय म्हणत्यात म्हाईत हाय का? चंपे, शपथ तू घातलीस आन पोर तुजीच चोरून लावतीया. बेचाळीस बायांच्या डब्या मी मोडल्या शिष्टर, आता त्या माज्या पोरीचं तोंड बघत्यात. रविवारी ही वाचायला उभी ऱ्हाईना. बाप बसून ऱ्हायला पेपर घिऊन.”

मी म्हटलं, “काळजी नको चंपा. नियमित—”

“नियमित घासलंय म्हणूनच झालंय!” तिने नळी उलटी करून शिक्क्यावर बोट ठेवलं. “हे काय हाय?”

“ब.”

“आन दुसऱ्या पोरांच्यावर?”

“काहींच्यावर अ आहे. चिठ्ठ्या टाकल्या गं, मीच काढल्या.”

“चिठ्ठ्या तू काढल्यास. लिवल्या कुणी?”

चंपा बोटांवर मोजत बोलायला लागली. “शाळेत आमच्या वस्तीची समदी पोरं ब तुकडीत. क्वार्टरमधली अ तुकडीत. मिठागरात अ खड्याचं मीठ गाडीत जातं, ब खड्याचं कामगारांना. रेशनला चांगला तांदूळ संपतो मग आमचा नंबर लागतो. आजपातुर ब मधनं आमाला कधी चांगलं काय आलंय, एक सांग. तूच सांग. मी आत्ता गप बसून जाते.”

खरं सांगते, तोवर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ‘अ’ची पोरं कशी पांढरीशुभ्र, पेपरमिंटचा वास मारत यायची. ‘ब’ची तोंडं बघवत नव्हती. औषध कुठलं असेल? कुणीही सांगितलं असतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि चंपाच्या लोकांचं तोंड किती पिढ्या पोळत आलंय याचा काही हिशोब नाही. तिचा संशय आयुष्यभर खरा ठरत आला होता. त्या एकाच वेळी तो चुकीचा होता, आणि नेमकं त्याच वेळी तिने माझ्यासारख्या मूर्ख बाईला तो पटवून दिला.

चंपा पुढे वाकून हळू म्हणाली, “ॲग्नेस.” पहिल्यांदाच नावाने. “पोरीला अ दे गं.”

फुटतूट धरून कपाटात दर महिन्याला ‘अ’च्या वीसेक नळ्या जास्त यायच्या. मी उठले, एक काढली आणि तिच्या पिशवीत टाकली. ‘ब’ची परत घेतली. रजिस्टरमध्ये नंदा सरवदेच्या नावापुढे ‘ब’ होतं ते ‘ब’च ठेवलं. मग नंदाला खुर्चीत बसवून मशीनने दात साफ करून दिले. तिने आरशात पाहिलं आणि हसली. त्या हसण्याने मी पुढची कितीतरी वर्षं कापली गेले आहे, पण त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. चंपा जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, “बहीण नसती एवढं करत.” पुढच्या आठवड्यात तिने मला फडक्यात बांधून मीठ आणलं, पांढरं, अ खड्याचं. कुठून चोरलं कोण जाणे.

नळावर बातमी लपत नाही. दोन महिन्यांत वस्तीतल्या आणखी सात जणी माझ्याकडे येऊन नळी बदलून घेऊन गेल्या. तपासणीआधी दात साफ करायचं काम माझंच, त्यामुळे त्या आठ पोरांचे दात पांढरे का, हे कुणाला खटकलंच नाही. डॉक्टर मला म्हणायचे, “ॲग्नेस, तुमचा हात फार छान बसलाय.”

क्लॅरिसचं मी बदललं नाही. भावजय कुरकुरायची. पोर आरशापुढे रडायची, गावातली पोरं तिला ‘चॉकलेट’ म्हणायची. मी घरी गेले की ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. पण माझ्याच आडनावाची पोर, तिची नळी बदलली आणि उघडकीला आलं तर आधी माझी मान पकडतील, ही भीती होती. घरच्यासाठी केलं तर चोरी, परक्यासाठी केलं तर उपकार, असा माझा हिशोब. वर मला अभिमानही वाटायचा. बघा, मी आपल्या भाचीला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पोरीचं केलं! रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकायचे तेव्हा हेही देवाला ऐकवायची.

नंदा पुन्हा विहारात वाचायला लागली. शाळेतल्या बाईंनी तिला पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभं केलं. चंपा मिठागराची पाळी बुडवून गेली होती आणि परत येताना दवाखान्यात येऊन मला सगळं भाषण ऐकवून गेली. तिला पाठ झालं होतं. मध्येमध्ये पदर खाली सरकत होता आणि तिला भान नव्हतं. मी तिला एवढी आनंदात त्यानंतर पाहिली नाही.

चौऱ्याहत्तरच्या शेवटी नंदाच्या वरच्या दोन दातांमध्ये फट पडली. आधी मी म्हटलं, वाढतं वय आहे, सरकत असतील. पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत मी बोट लावून पाहिलं आणि दात हलला. मी बोट पटकन मागे घेतलं. क्लॅरिसचे तपकिरी दात मी घरी जाऊन त्याच संध्याकाळी तपासले. एकही हलत नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी स्वतःला कळू दिलं नाही.

मार्चमध्ये डॉक्टर सुळे लाखबंद पाकीट घेऊन आले. खोलीत ते, दुसऱ्या कॉलेजचे तपासणारे डॉक्टर आणि मी. पाकीट फोडलं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, “ब. औषध ब मध्ये होतं. तो डाग औषधाचाच.”

माझ्या हातात तसराळं होतं, ते मी खाली ठेवलं.

ते दोघे एकेक नाव घेऊन खुणा करत गेले. ‘अ’मधली तीस पोरं, त्यांतल्या बऱ्याच जणांची हाडं खंगलेली, अपेक्षेप्रमाणे. मग ‘ब’. क्लॅरिस रोझारिओ, उत्तम. साहेबाचा मुलगा, उत्तम. नंदा सरवदे. डॉक्टर थांबले. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. “सहा दात हलतायत. पुढचे चार तर जाणारच.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ॲग्नेस, ही नियमित घासायची ना?”

“होय डॉक्टर,” मी म्हटलं. ते खरंच होतं. नंदाइतकं नियमित कुणी घासलं नसेल.

“मग लागू पडलं नाही हिला.” त्यांनी तिच्या नावापुढे फुली मारली. तशाच आणखी चार फुल्या पडल्या, सगळ्या वस्तीतल्या. दुसरे डॉक्टर म्हणाले, त्या वस्तीत खाण्यापिण्याचं काही असेल, स्वच्छता नसेल. डॉक्टर सुळे म्हणाले, “असेल.” मी तिथे उभी होते. मला तोंड होतं, तोंडात बत्तीस दात होते. मी बोलले नाही. बोलले असते तर तिथल्या तिथे नोकरी गेली असती, आणि घरात आई होती, बिनकामाचा भाऊ होता. कारणं माझ्याकडे नेहमी असतात.

फरक आहे, पण खात्रीने सांगण्याइतका नाही, असं त्यांनी लिहिलं. कंपनीने पेस्ट बंद केली. डॉक्टर सुळे पुढे दुसरीकडे गेले. चांगले होते बिचारे, मला जाताना पेन दिलं.

वाचलेल्या ‘ब’च्या नळ्या मी दर महिन्याला फेकत आले होते, शेवटच्या अकरा कपाटात उरल्या होत्या. मी त्या घरी नेल्या, ब्लेडने शिक्के खरवडले आणि चंपाकडे दिल्या. “नवीन औषध आलंय,” म्हटलं. तिने काही विचारलं नाही, डॉक्टर बदलले की औषध बदलतं असं तिला वाटलं असेल. बाकीच्या सात जणींकडे मी गेलेसुद्धा नाही. अकरा नळ्या होत्या आणि मैत्रीण एकच होती, असं मनाला सांगितलं. नंदाचे दात महिन्याभरात पुन्हा तपकिरी झाले. हललेले दात मात्र पुन्हा घट्ट होत नाहीत. झिजलेलं हाड परत येत नाही.

शहात्तरच्या जूनमध्ये, पंधरा वर्षांची असताना, नंदाचे समोरचे चार दात काढले. नवे डॉक्टर होते, त्यांना काही माहीत नव्हतं. तसराळं मी धरलं. एकेक दात टणकन पडत होता, अख्खा, बिनकिडीचा, मुळापर्यंत तपकिरी न झालेला, चांगला दात. पोरगी रडली नाही. डोळे छताला लावून पडून राहिली.

नंतर बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. मध्ये नंदा, तोंडात कापूस दाबून. अर्धा तास बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चंपाच्या मांडीवर कागदाच्या पुडीत ते चार दात होते, ते तिने मागून घेतले होते.

पुडी बघत ती म्हणाली, “त्या नव्या औषधानं दात पुन्ना तपकिरी झालते.”

“हो.”

“म्हंजे ते ब होतं.”

मी मान हलवली.

“मंग जुनं अ काय होतं?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पाकीट, फुल्या, वस्तीत स्वच्छता नसेल म्हणाले तेही. मी रडत होते. चंपा रडली नाही. मी म्हटलं, “तू मागितलंस म्हणून दिलं गं. तुझ्यासाठी केलं. मला माहीत नव्हतं.”

“मला तरी कुठं म्हाईत होतं,” ती म्हणाली. “माजं चुकलं. मी अडाणी, माज्या डोस्क्यात ब म्हंजे उष्टं. ते माजं मी बघीन.” मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “क्लॅरिसची नळी का न्हाई बदललीस?”

“तिच्या तोंडाला तसंच—”

“मला म्हाईत हाय तिच्या तोंडाला काय होतं. बाजारात बघायची की मी. म्हणून इचारते. तुलाबी वाटत हुतं ब वाईट हाय. मंग तिची का न्हाई बदललीस?”

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. “माझ्या आडनावाची पोर,” मी म्हटलं. “डॉक्टरांच्या ध्यानात आलं असतं. नोकरी गेली असती.”

“आन नंदाचं ध्यानात आलं असतं तर?”

मी झग्याच्या खिशात रुमाल शोधायला लागले.

“तर नोकरी गेली नसती?” चंपाचा आवाज अजिबात चढला नव्हता. “का त्यांच्या ध्यानात येणारच न्हाई, ह्ये तुला पक्कं म्हाईत हुतं? सरवद्याच्या पोरीच्या तोंडाकडं कोण बघतंय, आसंच ना?”

नंदाने कापूस दाबून धरलेला हात तसाच ठेवून मान माझ्याकडे वळवली. तिला बोलता येत नव्हतं. ती फक्त माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि मला ‘नाही’ म्हणता आलं नाही.